ई-सिम : परक्या मुलखातील पहिला निरोप

परगावी गेलेल्या माणसाचे पहिले कर्तव्य कोणते, असे आपल्या घरातील वडील मंडळींस विचाराल तर ती एकमुखाने सांगतील की, सुखरूप पोचल्याचे कळविणे. पूर्वी हे काम पोस्टकार्ड करीत असे. निकडीच्या वेळी तार करीत असत. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि पोचल्याचे पत्र तर आता क्वचितच कोणी लिहितो. ते सर्व काम मोबाइलच्या गळ्यात पडले आहे. परंतु ज्या यंत्राच्या भरवशावर आपण निर्धास्त होऊन निघतो, तेच यंत्र परक्या मुलखात पाऊल ठेवताच मुके होऊन बसते, असा अनुभव पुष्कळांस येतो. हे मुकेपण बहुधा यंत्राच्या बिघाडाचे नसते; ते आपल्या अर्धवट ज्ञानाचे असते. हे कसे, ते या पाठात दाखविण्याचा विचार आहे.

प्रथम एक घरचीच गोष्ट सांगतो.

माझी धाकटी बहीण बरीच वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहते. जुलै २०२४ मध्ये तिची दोन मुले, एकोणीस वर्षांची भाची व चौदा वर्षांचा भाचा, सुट्टीत आजीस भेटण्यासाठी नळदुर्गास यावयास निघाली. पावसाळ्यात नळदुर्गाची शोभा काय वर्णावी! बोरी नदीचा प्रवाह अडवून किल्ल्यात घातलेला तो बंधारा, त्याच्या पोटातील पाणीमहाल, आणि नदी भरून वाहू लागली म्हणजे बंधाऱ्यावरून कोसळणारे नर व मादी हे दोन धबधबे. या सर्वांची चित्रे मुलांनी पाहिली होती, आणि आईबापांवाचून दोघांचाच असा हा पहिला प्रवास होता.

मामा या नात्याने मी माझ्याकडून जय्यत तयारी केली. मुलांस येथे फोन लागेल म्हणून माझ्या नावावर एक नवे सिम कार्ड विकत घेतले, एका पाकिटात घातले, व ते खिशात ठेवून त्यांस आणण्यासाठी सोलापुराहून मुंबईच्या गाडीत बसलो. तिकडे भाचीनेही तयारी केली होती. भारतात चालणारे एक प्रवासी ई-सिम तिने निघण्यापूर्वीच आपल्या फोनमध्ये उतरवून घेतले होते. म्हणजे तयारी दोन्हीकडे होती. तरी पुढे जे झाले ते ऐका.

बोरघाटात अतिशय पाऊस झाल्यामुळे माझी गाडी पहाटे अडकून पडली. विमान मात्र वेळेवर उतरले. "बाहेर येऊ नका, आतच थांबा, मला तीन तास उशीर होईल," असा निरोप मी भाचीस पाठविला. त्यापुढे एकच खूण उमटली; दुसरी काही उमटेना. निरोप निघाला होता, पण पोचला नव्हता. थोड्या वेळाने अमेरिकेतून बहिणीचा फोन, "पोरे पोचली का रे?" नंतर नळदुर्गाहून आईचा, "पोचली का?" मी दोघींस काय सांगावे? एकदा विमानतळाच्या दाराबाहेर पडलेल्या उतारूस पुन्हा आत जाता येत नाही, हे मला ठाऊक होते. ती बाहेर पडली, गर्दीत मला शोधू लागली, आणि कोणा अनोळखी मोटारवाल्याबरोबर निघाली, तर? डब्याच्या खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता आणि माझ्या हातातील फोनवर ती एकच खूण तशीच होती. ते तीन तास मी विसरलेलो नाही.

मुले आतच बसून होती, हे नंतर कळले. भाचीच्या फोनच्या पडद्यावर एका भारतीय कंपनीचे नाव दिसत होते, चार रेघाही दिसत होत्या. परंतु निरोप जाईना की येईना. तेथील फुकट वायफाय घ्यावे म्हटले तर त्यासाठी मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक हवा, आणि तिचा अमेरिकेतील क्रमांक तर तिने खर्चाच्या भीतीने पूर्ण बंद करून ठेवला होता. नवे ई-सिम केवळ डेटाचे होते. त्यास क्रमांकच नव्हता. भाचा म्हणत होता, "ताई, बाहेर जाऊन टॅक्सी करू." अखेर शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारले, "रोमिंग चालू केले आहे का?" भाची म्हणाली, "नाही. रोमिंग कधीही चालू करावयाचे नाही, असे आईने बजावून सांगितले आहे." बाई हसल्या. त्यांनी सेटिंग्जमधील एक कळ सरकविली, आणि माझ्या निरोपापुढे दुसरी खूण उमटली.

मुंबईस पोचल्यावर मी मोठ्या अभिमानाने खिशातील पाकीट भाचीपुढे धरले. तिने कार्ड पाहिले, फोन उलटासुलटा केला आणि म्हणाली, "मामा, पण हे घालावयाचे कोठे?" तिच्या फोनला सिम घालण्याचा खणच नव्हता!

आता पाहा. बहिणीने मुलीस दिलेला नियम खोटा नव्हता. मी आणलेले कार्डही खोटे नव्हते. परंतु नियमाचे कारण भाचीस ठाऊक नव्हते, आणि सिम म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. म्हणून आपण मुळापासून आरंभ करू.

१. सिम म्हणजे काय?

परमुलखात आपली ओळख पटविण्याची गरज काही नवी नाही. आपल्या जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर नगर होय. पहिल्या शतकातील एका ग्रीक समुद्रप्रवासवर्णनात, तगराहून भडोच बंदराकडे कापड जात असे, असा उल्लेख आहे. अशा दूरच्या व्यवहारात मालाइतकाच विश्वास लागतो: हा माणूस कोणाचा, आणि याची हमी कोण घेतो? मोबाइलच्या व्यवहारात या दोन प्रश्नांचे उत्तर सिम देते.

सिममध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक ओळखीचा अंक, जो जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. ४०४ अथवा ४०५ असे आकडे आरंभी असल्यास ते सिम भारतातील समजावे. दुसरी गोष्ट म्हणजे एक गुप्त अंक. हा अंक सिममध्ये असतो व ज्या कंपनीने सिम दिले तिच्या दप्तरी असतो. तिसऱ्या कोणासही तो ठाऊक नसतो. चमत्कार असा की, ओळख पटविताना हा गुप्त अंक कधीही उच्चारला जात नाही.

हे कसे घडते, ते एका लहानशा हिशेबाने पाहू. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी उभा आहे, आणि तुमचा व त्याचा ठरलेला गुप्त अंक ७ आहे असे समजा. पहारेकरी म्हणतो, "१२." तुम्ही मनात १२ ला ७ ने गुणता, आणि "८४" असे उत्तर देता. तोही तोच गुणाकार करतो. उत्तर जुळले की दार उघडते. दुसऱ्या दिवशी तो "१५" म्हणतो. आता उत्तर १०५. काल कोणी झाडाआड उभे राहून "८४" ऐकले असेल, तर आज त्यास त्याचा काडीइतका उपयोग नाही. आपला हा गुणाकार फारच सोपा आहे. चतुर मुलगा एकदाच ऐकून ७ हा अंक काढील. सिममधील रीत मात्र अशी योजलेली असते की, प्रश्न व उत्तर दोन्ही ऐकूनही मागचा गुप्त अंक शोधून काढता येत नाही.

म्हणजे सिम हे प्लास्टिकचा तुकडा नव्हे. सिम हे एक गुपित आहे. प्लास्टिक ही केवळ त्याची डबी. या डबीचा इतिहासही तेच सांगतो. १९९१ मध्ये जर्मनीतील म्युनिक येथील गीझेके व डेव्रियंट या कंपनीने पहिली सिम कार्डे करून फिनलंडमधील एका कंपनीस पुरविली. ती बँकेच्या कार्डाएवढी, म्हणजे सुमारे ८६ मिलिमीटर लांब व ५४ मिलिमीटर रुंद होती. आपल्या देशात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाला. पुढे कार्ड झिजत झिजत २०१२ मध्ये १२.३ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद एवढेच उरले. गुपित तेच, तेवढेच. डबी मात्र लहान होत गेली. तेव्हा एके दिवशी डबीच नाहीशी व्हावी, हे क्रमप्राप्तच होते.

२. ई-सिम

ई-सिममध्ये गुपित ठेवण्याची चकती फोनच्या अंगातच, कारखान्यात पक्की बसविलेली असते. ती काढता येत नाही, बदलता येत नाही. तिला स्वतःचा बत्तीस आकडी क्रमांक असतो. त्यास ईआयडी म्हणतात. ही चकती आरंभी कोऱ्या पाटीसारखी असते. तुम्ही एखाद्या कंपनीचे ई-सिम घेतले म्हणजे ती कंपनी आपले गुपित कुलूपबंद करून इंटरनेटवरून त्या चकतीकडे पाठविते, आणि ते कुलूप केवळ त्याच चकतीस उघडता येते. एका चकतीत अशी अनेक ई-सिमे साठवून ठेवता येतात. एका वेळी मात्र हल्लीच्या बहुतेक फोनांत दोनच जागी राहतात.

विकत घेताना जे चौकोनी ठिपक्यांचे चित्र मिळते, ज्यास क्यूआर कोड म्हणतात, त्यालाच पुष्कळ लोक ई-सिम समजतात. ही चूक आहे. त्या चित्रात केवळ दोन गोष्टी असतात: गुपित कोणत्या ठिकाणाहून आणावयाचे तो पत्ता, आणि ते आपणांस द्यावे यासाठी दाखवावयाची चिठ्ठी. ही चिठ्ठी बहुधा एकदाच चालते. एकदा उतरविलेले ई-सिम रागाने अथवा गोंधळून पुसून टाकले, आणि पुन्हा तेच चित्र दाखविले, तर उत्तर येते की चिठ्ठी वापरून झाली. यास्तव ई-सिम चालत नाही म्हणून ते पुसून टाकणे हा उपाय नव्हे, अपाय आहे.

सर्वसामान्यांच्या यंत्रांत अशी गुपिते दुरून उतरविण्याचे जागतिक नियम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ या फोनमध्ये, व २०१८ मध्ये आयफोनमध्ये ई-सिम आले. आणि २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मधून कार्डाचा खणच काढून टाकण्यात आला. माझ्या भाचीचा फोन याच जातीचा होता. मामाचे पाकीट तिच्या कामी का आले नाही, हे आता उघड झाले.

येथे आणखी एक गोष्ट पालकांच्या कानावर घालतो. ते कार्ड उपयोगी पडले असते, तरी मी केले ते योग्य नव्हते. सिम ज्याच्या नावावर, त्याच्यावर त्याची जबाबदारी. आपल्या नावाचे सिम दुसऱ्याच्या हाती देऊ नये, मग तो भाचा का असेना.

३. प्रवासी ई-सिम व हुंडी

आता भाचीच्या अडचणीकडे वळू. तिच्या ई-सिमला रोमिंगची कळ का लागली?

आपल्या पूर्वजांचा हुंडीचा व्यवहार तुम्ही ऐकला असेल. प्रवासास निघालेला मनुष्य रोकड बरोबर घेत नसे. आपल्या गावच्या सावकाराकडे रक्कम भरून हुंडी घेई, आणि दूरच्या शहरातील पेढीवर ती दाखवून पैसे घेई. दोन पेढ्यांचा हिशेब मागाहून होई. रोमिंग म्हणजे मोबाइलची हुंडी होय. परक्या मुलखात तुमचा फोन तेथील कंपनीच्या दारी जातो. ती कंपनी तुम्हांस ओळखत नाही. पण तुमच्या सिमच्या आकड्यांवरून तुमची मूळ पेढी कोणती हे ओळखते, तिच्याकडे चौकशी करते, आणि ओळख पटली की सेवा देते. हिशेब त्या दोघींत होतो. तुमच्याकडून पैसे मूळ पेढी घेते.

घरचे सिम परदेशी नेले, आणि त्याचे डेटा-रोमिंग नकळत चालू राहिले, तर ही मूळ पेढी जबर दर लावते व थोड्याच दिवसांत मोठा आकडा पुढे येतो. म्हणून बहिणीने सांगितलेला नियम, "रोमिंग चालू करू नये," हा घरच्या सिमपुरता अगदी बरोबर होता.

परंतु प्रवासी ई-सिमची गोष्ट निराळी. भारतात वापरण्यासाठी घेतलेले असे ई-सिम बहुधा भारतातील कंपनीचे नसते. अमेरिकेतील असेलच असेही नाही. पुष्कळदा ते तिसऱ्याच कोणा देशातील कंपनीचे असते. ते सर्वत्र पाहुणेच असते. हुंडीवर जगणे हाच त्याचा धर्म. त्याचे पैसे आधीच भरलेले असतात, आणि ठरलेला डेटा संपला की ते आपोआप थांबते. मागाहून मोठे बिल येण्याची भीती सहसा राहत नाही. अशा सिमचे रोमिंग बंद ठेवणे म्हणजे हुंडी खिशात ठेवून पेढीच्या दारी उपाशी बसणे होय. भाचीच्या फोनवर कंपनीचे नाव व रेघा दिसत होत्या, म्हणजे ती पेढीच्या दारापर्यंत पोचली होती. हुंडी मात्र तिने दाखविलीच नव्हती.

तात्पर्य, नियम एवढाच लक्षात ठेवावा: घरच्या सिमचे डेटा-रोमिंग बंद, प्रवासी ई-सिमचे चालू. आणि हा नियमही कारणासहित लक्षात ठेवावा. नाहीतर त्याचीही गत पहिल्यासारखीच होईल.

४. घरून निघण्यापूर्वी

ई-सिमची खरी कामे परमुलखात नव्हे, तर घरी करावयाची असतात. कारण गुपित उतरवून घेण्यासच इंटरनेट लागते, आणि परमुलखात उतरल्यावर नेमके तेच नसते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

प्रथम, आपल्या फोनमध्ये ई-सिमची सोय आहे काय ते पाहावे. फोन लावण्याच्या पाटीवर *#०६# ही कळ दाबली असता पडद्यावर फोनचा पंधरा आकडी क्रमांक येतो. त्यासोबत बत्तीस आकडी ईआयडी दिसल्यास सोय आहे असे समजावे. फोन एकाच कंपनीस बांधलेला नाही ना, हेही पाहावे. अमेरिकेत हप्त्यांनी घेतलेले फोन पुष्कळदा असे बांधलेले असतात, आणि हप्ते फिटेपावेतो त्यांत दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही.

दुसरे, विकत घेताना चार प्रश्न विचारावेत. कोणत्या देशात चालेल? किती दिवस? किती डेटा? आणि मुदत केव्हापासून मोजली जाईल, उतरविल्या दिवसापासून की परमुलखातील सेवेशी प्रथम जोडल्या क्षणापासून? शेवटचा प्रश्न न विचारल्यामुळे कित्येकांची निम्मी मुदत घरी बसल्याच संपते. तसेच, त्यास क्रमांक आहे की ते केवळ डेटाचे आहे, हेही समजून घ्यावे. केवळ डेटाचे असेल तर त्यावरून साधा फोन लागणार नाही, व सांकेतिक अंकाचा संदेशही येणार नाही.

तिसरे, निघण्याच्या एकदोन दिवस आधी घरच्या वायफायवर ते उतरवून घ्यावे. चित्र ज्या फोनवर आले, त्याच फोनच्या डोळ्याने ते पाहता येत नाही, ही अडचण पुष्कळांस ऐनवेळी कळते. म्हणून ते कागदावर छापून घ्यावे, अथवा दुसऱ्या पडद्यावर उघडावे. उतरविल्यावर फोन त्या सिमला नाव विचारतो. तेथे परके लांबलचक नाव न ठेवता, एका सिमला "घर" व दुसऱ्यास "प्रवास" अशी नावे द्यावीत. या दोन शब्दांनी पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

चौथे, घरचे सिम पूर्ण बंद करू नये. बँकेचा सांकेतिक अंक त्याच क्रमांकावर येतो. त्याचा केवळ डेटा बंद ठेवावा, आणि परदेशात संदेश येण्यासाठी काय करावे लागते, व येणाऱ्या फोनास किती आकार पडतो, हे आपल्या कंपनीस निघण्यापूर्वीच विचारावे.

पाचवे, आणि हे सर्वांत जुने: एका कागदावर उतरण्याचा पत्ता, घरचे दोन क्रमांक, व भेटावयास येणाऱ्या माणसाचा क्रमांक शाईने लिहून तो पासपोर्टात ठेवावा. शिवाय, निरोप न पोचल्यास कोठे व किती वेळ थांबावयाचे, हे आधीच ठरवावे. माझी भाची आतच थांबली, ही तिची समयसूचकता. पण ठरलेले काहीच नव्हते, हा माझा दोष.

५. उतरल्यावर

विमान थांबल्यावर फोनची विमान-अवस्था काढावी व चारपाच मिनिटे धीर धरावा. परक्या पेढीची मूळ पेढीकडे चौकशी चाललेली असते. मग सेटिंग्जमध्ये जाऊन पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. "प्रवास" हे सिम चालू आहे काय? डेटासाठी "प्रवास" निवडले आहे काय? "प्रवास"चे डेटा-रोमिंग चालू आहे काय? "घर"चे बंद आहे काय? एका सिमची सेवा क्षीण झाली की दुसऱ्याचा डेटा आपोआप घेण्याची एक सोय काही फोनांत असते. ती बंद ठेवावी, अन्यथा फोन आपल्या नकळत घरच्या सिमकडे वळतो.

एवढे करूनही न जमल्यास फोन एकदा बंद करून सुरू करावा. तरीही नाही, तर कंपनी आपोआप निवडण्याची सोय काढून, यादीतून स्वतः एक एक कंपनी निवडून पाहावी. ई-सिम विकणाराने कोणती नावे दिली आहेत, ते त्याच्या सूचनापत्रात लिहिलेले असते. अखेरचा उपाय म्हणजे एपीएन. हे परक्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाण्याच्या दाराचे नाव. ते बहुधा आपोआप भरले जाते. न भरल्यास सूचनापत्रातील अक्षरे तंतोतंत उतरवावीत. म्हणूनच ते सूचनापत्रही कागदावर जवळ असावे.

आणखी एक गोष्ट. नवे सिम पाहून व्हॉट्सॲप कधी कधी विचारते की, क्रमांक बदलावयाचा काय? तेथे नाही म्हणावे. डेटा कोणाचाही असो, व्हॉट्सॲप आपल्या जुन्या क्रमांकावरच चालत राहते, आणि घरच्या मंडळींस तोच क्रमांक ओळखीचा असतो.

६. पालकांसाठी दोन इशारे

परदेशी जाण्यासाठी आपल्या देशात राहून ई-सिम घेणाऱ्यांनी विकणारास परवानगी आहे काय ते पाहावे. परदेशी कंपन्यांची सिमे भारतात विकण्यास दूरसंचार खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये काही परदेशी विक्रेत्यांची ॲप्स भारतात बंद करण्यात आली. परवानगी असलेला विक्रेता पासपोर्टसारखी ओळखीची कागदपत्रे मागतो. त्याचा कंटाळा करू नये. किंबहुना जो काहीच मागत नाही, त्याच्याविषयीच शंका घ्यावी.

दुसरा इशारा याहून गंभीर आहे. "तुमचे सिम ई-सिम करून देतो, आलेला अंक सांगा," असे फोनवर गोड बोलून लोकांचा क्रमांकच पळविण्याचे प्रकार घडतात. आपण तो अंक सांगितला की आपले गुपित चोराच्या फोनमध्ये उतरते, आपला फोन अचानक मुका होतो, आणि बँकेचे संदेश तिकडे जाऊ लागतात. घरबसल्या फोनची सेवा एकाएकी गेली व परत येईना, तर ते हवामानावर न घालता ताबडतोब कंपनीस व बँकेस कळवावे, आणि पैसे गेले असल्यास १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. सांकेतिक अंक व क्यूआर कोड ही घराची किल्ली आहे. ती कोणाच्याही हाती देऊ नये.

उपसंहार

मुलांनी नळदुर्ग पाहिला, तेरचे पुरातन वस्तूंचे संग्रहालय पाहिले, आणि आजीच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली. परत जाताना भाची मला म्हणाली, "मामा, आईचा नियम मी तंतोतंत पाळला, म्हणूनच अडकले." मी म्हटले, "नियम पाळलास ते चांगले केलेस. पण तो कशासाठी आहे हे विचारले असतेस, तर तो केव्हा लागू नाही हेही तुला कळले असते." हेच मी वर्गात गणिताच्या सूत्रांविषयी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, त्या पहाटे घाटात अडकलेल्या डब्यात ते मला स्वतःस शिकावे लागले.

पुढे मे २०२५ मध्ये माझ्या आई लेकीकडे अमेरिकेस गेल्या. वय पंचाहत्तर, आणि विमानाचा पहिलाच प्रवास. त्यांच्या फोनमध्ये "घर" व "प्रवास" ही नावे आमच्या नववीतील दोन विद्यार्थ्यांनी घालून दिली, आणि कोणती कळ केव्हा सरकवावयाची, व का, हे त्यांस तीन संध्याकाळी बसून शिकविले. "का" हे समजल्यावाचून आई कोणतीही कळ लावीत नसत, हे विशेष. न्यूअर्क येथे उतरल्यावर त्यांचा निरोप आला: "पोचले. अजून जेवले नाही." त्या निरोपापुढे दोन खुणा होत्या.

माझ्या नावाचे ते सिम मी रीतसर बंद करविले. कार्ड मात्र पाकिटासह ठेवून दिले आहे, आणि हा पाठ शिकविताना प्रथम तेच वर्गात फिरवितो.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे : (१) घरातील प्रत्येक फोनवर *#०६# दाबून ईआयडी आहे काय ते पाहा व त्याचे आकडे मोजा, मात्र ते आकडे कोणास सांगू नका. (२) वर दिलेल्या पहारेकऱ्याच्या गोष्टीत ७ हा अंक चोरास सहज का सापडतो, व तो सापडू नये म्हणून कोणती रीत योजाल, ते लिहून काढा. (३) घरातील जे कोणी लवकरच परगावी जाणार असेल, त्याच्यासाठी पासपोर्टात अथवा पाकिटात ठेवावयाचा कागद आजच आपल्या हाताने लिहून द्या.